चित्र नेमकं कुठे फसतं? स्वतःची पद्धत शोधताना या चुका टाळा

व्हिडिओत कुणी जलरंगात आधी आकाश, मग झाडं, शेवटी गडद टोन असं करताना दिसला की आपणही तसंच करायला बसतो. शेवटी कागदावर चिखल होतो आणि आपण म्हणतो, 'जलरंग आपलं काम नाही.' जरा थांबा. त्याचा क्रम त्याच्या हाताला आणि त्याच्या हवेला बसलेला असतो.

हवेचा मुद्दा ठाण्यात फारच महत्त्वाचा. जुलैत इथे पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळता वाळत नाही. वर हात लावला तर गार लागतोय, म्हणजे आत ओल आहे. तरी दुसरा थर दिला की पाणी आत सरकतं आणि वेड्यावाकड्या कडांचे डाग पडतात. यावर हेअर ड्रायर चालतो, पण त्याहून बरं म्हणजे दोन चित्रं शेजारी शेजारी घ्या. एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम. किंवा पावसाळ्यात सरळ 'ओल्यावर ओलं' करा, म्हणजे ओल्या कागदावरच रंग सोडा; हवा तुमच्या बाजूने असते. मे महिन्यात सगळं उलटं: उपवन तलावाच्या काठावर उन्हात बसलात तर वॉश अर्ध्यातच वाळून रेघ उमटते. तेव्हा सकाळी लवकर जा आणि कागद लहान घ्या.

नवा रंग जुन्या पॅडवर ठिपक्या-ठिपक्यांनी शोषला जातोय? दोष तुमचा नाही. दमट कपाटात कागदाचं सायझिंग, म्हणजे रंग पटकन शोषू न देणारा लेप, बिघडतं. पॅड सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट बंद पिशवीत ठेवा. आणि भरपूर पाणी वापरायची सवय असेल तर कार्ट्रिज पेपरवर जीव काढू नका, ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन पेपर घ्या. महाग आहे, म्हणून अर्धा-पाव कापून वापरा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्यांची एक सवय सुटत नाही: आधी काटेकोर आऊटलाईन, मग आत रंग 'भरणं'. पोस्टर कलरला ते ठीक. जलरंगात चित्र कडक होतं. पण रेषाच आवडत असेल तर ती सोडायची कशाला? वॉटरप्रूफ शाईचं पेन घ्या, वर हलके वॉश द्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ब्रश, कागद, विषय, सगळं एकदम बदलणं. मग काय बिघडलं ते कळणार कसं? विषय तोच ठेवा, खिडकीतून दिसणारी येऊरची डोंगररेषा चालेल, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. काय बदललं ते कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहा. चार-पाच कागद झाले की ते ओळीने मांडून बघा. रचनाच फसत असेल तर आधी आगपेटीएवढी थंबनेल्स, म्हणजे छोटी कच्ची रेखाटनं, काढा. शेवटच्या टप्प्यात मळत असेल तर तुम्ही फार वेळ खरडता.

वेगाचाही न्यूनगंड नको. व्हॅन गॉगने १८९० मध्ये फ्रान्समधल्या ओव्हेर गावी साधारण ७० दिवसांत ७० हून अधिक चित्रं केली. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच करत.

तलावपाळीवर मागे माणसं जमली की हात आखडतो का? तिथे फक्त थंबनेल आणि रंगांच्या नोंदी घ्या, रंगकाम घरी करा. फोनचा फोटो सावल्या काळ्याकुट्ट करतो, म्हणून सावलीत कोणता रंग दिसला तेवढं तिथेच लिहून ठेवा.