उड्डाण-प्रशिक्षणाच्या उंबरठ्यावर कबड्डी-कुस्ती खेळावी का? जोखीम कशी तोलावी

हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात आहे, त्यामुळे या शहरात वैमानिक होण्याची इच्छा धरणारी मुले-मुली पिढ्यानपिढ्या सापडतात. आणि त्यांतली बरीचशी संध्याकाळी कबड्डीच्या मॅटवर, आखाड्यात किंवा फुटबॉलच्या मैदानावर असतात. एएफकॅट (हवाई दलाची अधिकारी-प्रवेश परीक्षा) किंवा एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) वाटेने निवडीच्या जवळ पोहोचलेल्या उमेदवारापुढे मग एक प्रश्न उभा राहतो, की आता स्पर्धा खेळायची की नाही. घरचे लोक म्हणतात, सगळे बंद कर. संघातले सोबती म्हणतात, अशाने काही होत नाही. दोघांचेही म्हणणे सरसकट असल्यामुळे उपयोगाचे नाही. दुखापत होण्याची शक्यता किती आहे, एवढेच पाहून निर्णय करता येत नाही; ती दुखापत कोणत्या तारखेला होईल आणि शरीराच्या कोणत्या भागाला होईल, यावर तिची खरी किंमत ठरते.

आधी तारखांचा विचार करावा. एएफकॅट वर्षातून दोनदा होते आणि प्रशिक्षणाच्या तुकड्या साधारणपणे जानेवारी व जुलै महिन्यांत सुरू होतात. मधल्या काळात लेखी परीक्षा, निवड मंडळापुढील मुलाखत व मैदानी कसोट्या, वैमानिकपदासाठीची संगणकीकृत चाचणी, वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी असे टप्पे येतात. मुरगळलेला घोटा लेखी परीक्षेनंतर लगेच झाला, तर सहा आठवड्यांची गैरसोय होते आणि गोष्ट तिथेच संपते. तोच घोटा मैदानी कसोट्यांच्या आठवड्यात सुजला, तर अडथळे ओलांडताना उमेदवार लंगडतो आणि मंडळाला त्याचे खरे कसब दिसत नाही. वैद्यकीय तपासणीच्या तोंडावर सुजला, तर तात्पुरता अपात्र असा शेरा पडून फेरतपासणीच्या खेपा सुरू होतात. सर्वांत धोक्याचा काळ मात्र तपासणी पार पडल्यानंतरचा असतो, कारण त्या वेळी उमेदवाराला सुटल्यासारखे वाटते, मित्र निरोपाचा सामना ठरवतात आणि गमावण्यासारखे सर्वाधिक त्याच वेळी हातात असते.

नागपूरचे क्रीडा-वेळापत्रक या बाबतीत फारसे सोयीचे नाही. आंतरमहाविद्यालयीन कबड्डी, मोहल्ल्यांतल्या मंडळांचे सामने आणि जानेवारीतला खासदार क्रीडा महोत्सव हे सगळे हिवाळ्याच्या आसपास येते. जानेवारीच्या तुकडीत जाणाऱ्याची रुजू होण्याची तारीख त्याच सुमारास असते, तर जुलैच्या तुकडीची तयारी करणाऱ्याच्या मुलाखती व वैद्यकीय तपासण्या याच हिवाळ्यात चाललेल्या असतात. म्हणून स्पर्धेचा अर्ज भरण्यापूर्वी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपले पुढचे टप्पे लिहून काढावेत आणि एक कठोर प्रश्न विचारावा: या सामन्यात मध्यम स्वरूपाची दुखापत झाली, म्हणजे सहा ते आठ आठवडे खेळ बंद ठेवावा लागला, तर त्या मुदतीत कोणता टप्पा येतो? एखादा टप्पा येत असेल, तर तो सामना सोडावा. येत नसेल, तर पुढच्या विचाराकडे वळावे.

पुढचा विचार शरीराचा. खेळाडू ज्या दुखापतीला किरकोळ समजतो, ती वैमानिकाच्या बाबतीत किरकोळ असेलच असे नाही, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पाठीचा कणा. उड्डाण शाखेच्या उमेदवाराच्या मान, पाठ व कंबर अशा तिन्ही भागांच्या मणक्यांचे समोरून व बाजूने एक्स-रे काढले जातात. मणक्याचा जुना दबलेला अस्थिभंग, सरकलेला मणका, दोन मणक्यांमधल्या चकतीचा आजार, तसेच एकाहून अधिक ठिकाणी चकती मणक्यात रुतून पडलेले खळगे, ज्यांना श्मॉर्ल नोड म्हणतात, हे सर्व तिथे दिसते आणि अपात्रतेचे कारण ठरते. यामागे तर्क आहे. हवाई दलाच्या अकादमीत पहिले धडे ज्या पिलाटस पीसी-७ विमानावर दिले जातात, त्यातही इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारे आसन, असते. ती सुटते तेव्हा कण्यावर क्षणार्धात प्रचंड दाब येतो आणि निरोगी माणसाचाही मणका दबू शकतो. मानेचा हिशेब तर कागदावर मांडून पाहता येतो: डोके सुमारे पाच किलोचे, हेल्मेट सुमारे दीड किलोचे, विमानाने तीव्र वळण घेऊन सहा जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहापट, इतका भार आणला, तर मानेला जवळजवळ एकोणचाळीस किलो पेलावे लागतात, आणि तेही मान वळवून मागे पाहत असताना. कुस्तीतल्या पुलामुळे, म्हणजे डोके व पाय टेकून अंगाची कमान करण्याच्या व्यायामामुळे, मान बळकट होते हे खरे असले, तरी प्रतिस्पर्ध्याचे वजन अंगावर असताना डोक्यावर आदळणे किंवा कबड्डीच्या साखळीखाली मान दुमडणे, या दोन गोष्टींची भरपाई त्या बळकटीने होत नाही.

डोक्याला लागलेला मुका मार ही दुसरी गोष्ट. बेशुद्धी आली नाही म्हणजे काही झाले नाही, ही समजूत मैदानावर फार घट्ट आहे आणि ती चुकीची आहे. गोंधळल्यासारखे वाटणे, मळमळणे, प्रकाश सहन न होणे, काही क्षणांची आठवण पुसली जाणे, यांपैकी काहीही झाले तरी मेंदूला हादरा बसला असे धरूनच चालावे. त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती घेऊन पुढे हलका व्यायाम, धावणे, संपर्काशिवायचा सराव आणि डॉक्टरांच्या परवानगीनंतरच संपर्काचा सराव, अशा पायऱ्यांनी परतावे व प्रत्येक पायरीला किमान चोवीस तास द्यावेत. वारंवार येणारी डोकेदुखी, चक्कर किंवा झटके यांचा इतिहास वैमानिकाची तपासणी करणारे डॉक्टर अतिशय बारकाईने पाहतात. म्हणूनच बॉक्सिंगच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: बॅगवर, पॅडवर आणि दोरीवर हवा तेवढा सराव करावा, परंतु निवडीची प्रक्रिया सुरू झाल्यावर समोरासमोरचे स्पारिंग पूर्ण थांबवावे. ज्या खेळात डोक्यावर मारणे हा अपघात नसून उद्देशच आहे, तिथे काळजी घेऊन खेळतो या वाक्याला अर्थ उरत नाही.

कान आणि नाक यांच्याकडे खेळाडू सहसा लक्ष देत नाहीत. उंची झपाट्याने बदलते तेव्हा मधल्या कानातला दाब बाहेरच्या हवेशी जुळावा लागतो, आणि कानाचा फाटलेला पडदा किंवा कान व घसा जोडणारी बंद असलेली नळी तिथे त्रासदायक ठरते. कानशिलावर बसलेल्या एका थपडेने पडदा फाटू शकतो. छोटे भोक बहुधा काही आठवड्यांत भरून येते, पण तोपर्यंत कानात पाणी जाऊ देऊ नये आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून पडदा भरल्याची खात्री करून घ्यावी. पहिलवानांच्या सुजलेल्या, गाठाळलेल्या कानाचा आखाड्यात अभिमान बाळगला जातो. हवाई दलात मात्र कानाची पाळी इतकी विद्रूप असेल की हेल्मेट नीट बसत नाही, तर तोही दोष मानला जातो, त्यामुळे कानात रक्त साठल्याबरोबर ते डॉक्टरांकडून काढून घ्यावे. नाकावर कोपर बसल्यानंतर दोन्ही बाजू बंद वाटू लागल्या, तर त्याच दिवशी दाखवावे, कारण नाकाच्या मधल्या पडद्यात साठलेले रक्त वेळेत काढले नाही तर नाक बसते. डोळ्यावर जोराचा मार लागून दुहेरी दिसणे, ठिणग्या किंवा काळे ठिपके दिसणे ही तर थेट रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत.

गुडघा आणि खांदा यांबद्दल कबड्डीपटूंना वेगळे सांगायला नको. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली, तर खेळात परतायलाच किमान नऊ महिने लागतात, म्हणजे तुकडी हातची गेलीच. शिवाय तो गुडघा पुढे तज्ज्ञांच्या कसोटीस उतरेल की नाही, ही टांगती तलवार राहते. खांदा पुन्हा पुन्हा निखळत असेल, तर उड्डाणाचा विचारच अडचणीत येतो. बोटांचे मात्र आवर्जून सांगतो. पकडीत बोटाचे टोक आपटून वाकते आणि सरळ होत नाही. खेळाडू ते ओढून घेतो, तेल चोळतो किंवा हाडवैद्याकडे जातो. वास्तविक हे मॅलेट फिंगर असते, आणि पहिल्या काही दिवसांत आधाराची पट्टी (स्प्लिंट) लावून ते सहा ते आठ आठवडे सतत सरळ ठेवले तर बहुतेक वेळा जुळते. दुर्लक्ष केले, तर कायमचे वाकडे राहिलेले बोट वैद्यकीय तपासणीत नोंदवले जाते.

आता निर्णयाकडे येऊ. सगळे खेळ एकाच मापाने मोजणे बरोबर नाही, आणि एकाच खेळातल्या सगळ्या जागाही सारख्या नसतात. कबड्डीत कोपरारक्षक घोट्याच्या पकडीसाठी झेपावतो तेव्हा चढाईपटूचा गुडघा त्याच्या तोंडावर किंवा मानेवर येण्याचा धोका असतो, तर चढाईपटूचा स्वतःचा गुडघा साखळीच्या वजनाखाली पिळला जातो. मॅटवर बूट घट्ट धरतो आणि पाऊल फिरत नाही, त्यामुळे मातीवरच्या खेळाची सवय असलेल्याने मॅटवर पहिल्याच आठवड्यात सामना खेळू नये. ज्याच्या तारखा अजून दूर आहेत, त्याने संघ सोडण्याचे कारण नाही; झुंज कमी करून बोनस, पायाचा स्पर्श, पळण्याची चपळाई यांचा सराव वाढवावा, आणि पूर्ण ताकदीच्या पकडी फक्त आपल्या वजनाच्या, ओळखीच्या सोबत्याबरोबर कराव्यात. दमल्यावरचा शेवटचा सामना, उन्हाळ्यात दुपारी चारच्या तापलेल्या मैदानावरचा सराव आणि मित्राच्या संघात ऐनवेळी माणूस कमी पडला म्हणून उतरणे, या तीन गोष्टी मात्र सगळ्यांनीच टाळाव्यात. कामठीच्या फुटबॉलमध्ये वाढलेल्या मुलांना सामने सोडणे जड जाते, हे मान्य आहे. तरीही अखेरच्या दोन-अडीच महिन्यांत त्यांनी धावणे, पोहणे आणि दोर चढणे यांकडे वळावे. एनडीएला जाणाऱ्यांकडून २.४ किलोमीटर १५ मिनिटांत धावणे, किमान वीस-वीस पुश-अप्स व सिट-अप्स, आठ चिन-अप्स आणि तीन ते चार मीटर दोर चढणे यांची तयारी अपेक्षित असते, आणि त्यातले काहीही करण्यासाठी दुसऱ्याच्या अंगावर जावे लागत नाही.

दुखापत झालीच, तर पहिल्या दिवसापासून कागद जपावेत: एक्स-रेची फिल्म, एमआरआयचा अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी, फिजिओथेरपीच्या नोंदी आणि बरे झाल्याचे प्रमाणपत्र, सर्व एका फाइलमध्ये. हाड मोडले असेल आणि डॉक्टरांपुढे दोन उपाय असतील, तर आपण सैन्यभरतीचे उमेदवार आहोत हे त्यांना आधीच सांगावे, कारण शरीरात राहिलेली प्लेट किंवा स्क्रू पुढे अडथळा ठरू शकतो. मात्र शस्त्रक्रिया आवश्यकच असेल, तर भरतीच्या भीतीने ती टाळणे हा शुद्ध वेडेपणा होय. वैद्यकीय मंडळापुढे पूर्वीच्या आजारांबाबत सही करून निवेदन द्यावे लागते. तिथे काही दडवू नये. जुना अस्थिभंग एक्स-रेमध्ये दिसतोच, आणि नीट बरी झालेली, कागदोपत्री मांडलेली दुखापत अनेकदा पार होते, तर लपवलेली उघडकीस आली की प्रश्न गुडघ्याचा राहत नाही, सचोटीचा होतो.

एक आक्षेप नेहमी येतो: एनडीएत तर कॅडेटना बॉक्सिंगच्या रिंगणात उतरवतातच, मग इथे एवढी काळजी कशाला? फरक असा की तिथे दुखापत झालेला कॅडेट लष्करी रुग्णालयात जातो, त्याच्या गैरहजेरीची नोंद राहते आणि फार झाले तर त्याला पुढच्या तुकडीत ढकलले जाते. रुजू होण्यापूर्वी रेशीमबागेच्या मैदानावर ज्याचा गुडघा गेला, त्याचा मात्र हवाई दलावर कसलाच हक्क नसतो आणि त्याच्या जागी गुणवत्ता यादीतला पुढचा उमेदवार जातो.