करवंटीपासून ब्रेक पॅड कसे बनवायचे

करवंटी, भाताचं तूस, काजूचं टरफल असल्या कचऱ्यापासून ब्रेक पॅड खरंच बनतात, काजूच्या टरफलाच्या तेलाची भुकटी तर कारखान्यातल्या पॅडमध्ये कधीपासून पडतेच. पूर्वी पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (उष्णता सोसणारं धाग्यासारखं खनिज) घालायचे. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ श्वासातून गेली की कॅन्सर होऊ शकतो म्हणून ते नको हे बरोबरच आहे, पण त्याच्या जागी नुसता भुसा कोंबला की झालं असं नाही, कारण खरी भानगड उष्णतेची आहे. लांब उतारावर पॅड ३०० अंशाच्या वर सहज जातो आणि लाकडी माल त्याच्या आधीच जळायला लागतो, गॅस सुटतो, पॅड डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर) नुसता सरकतो, ब्रेक लागतच नाही.

म्हणून करवंटी आधी धुऊन, वाळवून, झाकणबंद डब्यात हवा न लागू देता भाजून तिचा कोळसा करायचा (झाकणाला बारीक भोक ठेवा, गॅस बाहेर पडायला हवा). मग दळून १०० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा, मास्क लावूनच. तुसाची राख करणार असाल तर फार तापवू नका, जास्त तापली की त्यातली सिलिका स्फटिक होते आणि ती फुफ्फुसाला वाईट.

सुरुवातीला वजनाने साधारण एवढं घ्या: फिनॉलिक रेझिन (तापवल्यावर घट्ट होऊन सगळं धरून ठेवणारा चिकट पदार्थ) १५-२० टक्के, करवंटीच्या कोळशाची भुकटी २०-२५, मजबुतीसाठी धागे १०, ग्रॅफाइट (वंगण) ५-८, अ‍ॅल्युमिना (पकड देणारी कडक भुकटी) ३-४, बाकी भर म्हणून बेरियम सल्फेट. चांगलं कोरडं मिसळा, गुठळी राहिली तर पॅड तिथूनच फुटतो.

आता हॉट प्रेस, म्हणजे मिश्रण गरम साच्यात दाबायचं, १५०-१६० अंशाला. इथे लोक घाई करतात. रेझिन पिकताना वाफ आणि गॅस सोडतं, म्हणून पहिल्या एकदोन मिनिटांत दाब दोनचार वेळा क्षणभर सोडायचा, नाहीतर पॅड बाहेरून गुळगुळीत दिसतो आणि कापला की आत फोड. नंतर ओव्हनमध्ये काही तास पिकवा.

तपासताना पाण्यात आणि तेलात बुडवून वजन किती वाढतं ते बघा, घर्षण गुणांक (पॅडची पकड किती ते सांगणारा आकडा) ०.३ ते ०.४५ मध्ये हवा, आणि तो ३५० अंशाला किती पडतो ते आधी बघा, गार असताना सगळेच पॅड भारी वाटतात. डिस्क खरवडली जात असेल तर अ‍ॅल्युमिना कमी करा, गरम झाल्यावर पकड जात असेल तर करवंटी नीट कोळसली नाहीये किंवा रेझिन जास्त झालंय. हा नमुना टेस्ट रिगवरच (चाचणीच्या यंत्रावर) लावायचा हं, डायनॅमोमीटरवर (ब्रेकचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर) पास होईपर्यंत गाडीला नाही, सायकलला पण नाही.