सिंगर अभ्यासायचे असतील तर यिद्दिशपासून

आयझॅक बाशेविस सिंगर यांना १९७८ साली साहित्याचं नोबेल मिळालं, पण जगभरचे बहुतेक वाचक त्यांना इंग्रजीतून ओळखतात. नुसतं वाचायचं असेल तर तेवढं पुरे. प्रबंध लिहायचा असेल किंवा मराठीत अनुवाद करायचा असेल, तर आधी पाहा की हातात कोणती संहिता आहे. सिंगर यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, लिहीत. बरंचसं लेखन न्यूयॉर्कच्या ‘फोर्व्हर्ट्स’ या दैनिकात येई. पुढे इंग्रजी करताना ते अनुवादकांसोबत बसून कापत, जोडत, बदलत. इतर भाषांतले बरेच अनुवाद याच इंग्रजीवरून झाले आहेत.

फरक किरकोळ नसतो. ‘द फॅमिली मॉस्कट’ या कादंबरीचा यिद्दिश शेवट इंग्रजीच्या पुढे जातो. त्यामुळे इंग्रजीतल्या काळ्याकुट्ट शेवटावर उभारलेला युक्तिवाद यिद्दिशपुढे लंगडा पडतो. ‘गिंपल’ची कथा यिद्दिशमध्ये १९४५ची, सॉल बेलो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५३चा. मुळात गिंपल ‘ताम’ (भोळा) आहे आणि तो लगेच सांगतो की मी स्वतःला ‘नार’ (मूर्ख) समजत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. मराठीत मात्र ‘भोळा’ आणि ‘मूर्ख’ हे दोन शब्द तयारच आहेत. इंग्रजीवरून अनुवाद केलात तर ही आयती सोय वाया जाते.

आता भाषा. पुण्या-मुंबईत जर्मन शिकलेल्यांना व्याकरण आणि निम्म्याहून जास्त शब्द ओळखीचे वाटतील. अडतं ते लिपीपाशी. हिब्रू अक्षरं, उजवीकडून डावीकडे. दालेद आणि रेश, तसंच सामेख आणि शब्दाच्या शेवटी येणारा मेम, या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या जोड्या सुरुवातीला हमखास चुकतात. स्वर लिहिलेले असतात, म्हणून जर्मन मुळाचा शब्द अक्षर लावून वाचता येतो. हिब्रू मुळाचे शब्द मात्र जुन्या वळणानेच, स्वरांशिवाय लिहितात. ‘एमेस’ (सत्य) किंवा ‘शाबेस’ (शब्बाथ) हे पाठच करावे लागतात. (कोकणातल्या बेने इस्रायलींची भाषा मराठी, यिद्दिश पूर्व युरोपातल्या ज्यूंची. हा घोळ आपल्याकडे फार होतो.)

शब्दकोश २०१३ साली निघालेला मोठा यिद्दिश-इंग्रजी घ्या. त्यात हिब्रू मुळाच्या शब्दांचे उच्चारही दिले आहेत. तरी जुन्या वर्तमानपत्रातले शब्द त्यात सापडेनात, तर दोष तुमचा नाही: त्या काळी जर्मनच्या नकलेने शब्दामधे ‘हे’ किंवा ‘आयिन’ हे अक्षर मुकं घालत. ते काढून पुन्हा शोधा. पुस्तकांच्या स्कॅन प्रती अ‍ॅमहर्स्टच्या यिद्दिश बुक सेंटरकडे फुकट मिळतात. न्यूयॉर्कच्या यिवो या यिद्दिश संशोधन संस्थेचा उन्हाळी वर्गही आहे, पण लिपी घरी बसवूनच जावं.

‘फोर्व्हर्ट्स’चे जुने अंक चाळताना ‘सिंगर’ शोधलंत तर थोरले भाऊ इस्रायल जोशुआ सापडतील, तेही त्याच पत्रात लिहीत. धाकट्यांची कथा-कादंबरी ‘यित्झ्खोक बाशेविस’ या नावाने येई (आई बाथशेबा, तिच्यावरून). आठवणी आणि हलकं लेखन ‘वार्शावस्की’ या नावाने, पत्रकारी मजकूर ‘डी. सेगाल’ या नावाने. तिन्ही नावं शोधल्याशिवाय कोणत्याही वर्षाची यादी पुरी झाली असं धरू नका. ‘शॅडोज ऑन द हडसन’ ही कादंबरी १९५७ साली तिथे क्रमशः सुरू झाली आणि इंग्रजी पुस्तक निघायला १९९८ उजाडलं. म्हणजे पुस्तकांच्या यादीवरून लेखनक्रम ठरवाल तर पार फसाल.

पहिला मजकूर म्हणून कादंबरी नको. सिंगर यांच्या वडिलांच्या न्यायसभेच्या आठवणी (इंग्रजीत ‘इन माय फादर्स कोर्ट’) घ्या. यिद्दिश पुस्तक १९५६चं. वॉर्सातला क्रोख्माल्ना रस्ता, घरातच रब्बी (ज्यू धर्मगुरू) असलेल्या वडिलांपुढे येणारे तंटे, प्रकरणं आखूड. घटस्फोट, साक्ष, निवाडा यांचे शब्द फिरून फिरून येतात, त्यामुळे चार-पाच प्रकरणांनंतर कोश कमी उघडावा लागतो. एक प्रकरण पूर्ण लावा आणि मगच इंग्रजी उघडा. आधी इंग्रजी वाचलंत तर डोळे यिद्दिशवर फिरतील, पण वाचाल इंग्रजीच.