सोयाबीनच्या पट्टीपासून मृगापर्यंत: तंगीच्या वर्षाची तयारी

मराठवाड्यातल्या कोरडवाहू घरात मोठा पैसा दोनदाच येतो. दसरा-दिवाळीला सोयाबीनचा आणि संक्रांतीच्या मागं-पुढं तुरीचा. हरभऱ्याचे थोडेफार आले तर आले, पुढं थेट पुढच्या दसऱ्यापर्यंत जाणंच जाणं. म्हणून काटकसरीची तयारी दिवाळीतच करायची. मे महिन्यात हात आखडून काही साधत नाही, कारण तोवर सगळं उधारीवर आलेलं असतं आणि उधारीला भाव विचारता येत नाही.

मालाची पट्टी, म्हणजे आडत्यानं केलेला विक्रीचा हिशोब आणि पैसे, हातात आली की त्याच आठवड्यात वही काढा. एका पानावर देणं लिहा: कोणाचं, मुद्दल किती, व्याज किती. व्याज मात्र वर्षाचं लिहायचं. 'तीन टक्क्यानं घेतलेत' म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला ३६. पाच टक्के म्हणजे ६०. बचत गटातलं महिना एक टक्क्याचं कर्ज वर्षाला १२ पडतं. पीक कर्जाचं गणित वेगळं आहे. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत धरून शेतकऱ्याला व्याज जवळपास पडत नाही. मुदत हुकली की सवलत जाते आणि पुढच्या कर्जाची वाटही अडते. तेव्हा पीक कर्जाचा हप्ता बाजूला काढून ठेवा, आणि उरलेल्या पैशातून सगळ्यांत जास्त व्याजाचं देणं आधी मिटवा. जो रोज दारात येऊन बसतो त्याला आधी द्यावंसं वाटतं, पण त्याचं व्याज कमी असेल तर तो थांबू शकतो. कर्ज नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं भरून लगेच नवं घ्यायला, आठ दिवसांसाठी बाहेरून पैसे उचलायचे असतील, तर नव्या कर्जाची कागदपत्रं बँकेत पूर्ण झाल्याशिवाय उचलू नका. आठ दिवसांचे दोन महिने होतात ते सात-बारा किंवा फेरफार अडकल्यामुळं. सावकाराकडं परवाना आहे का तेही पाहा. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारकानं शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के घ्यायचे असतात. त्याहून जास्त घेणाऱ्याची आणि बिनपरवाना सावकाराची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कचेरीत लेखी करता येते.

आता माल विकायचा की ठेवायचा. काढणीच्या धांदलीत आडतीवर गाड्यांची रांग असते आणि भाव बहुतेक वेळा तेव्हाच पडलेला असतो. पैशाची नड आहे म्हणून सगळा माल एकदम घालण्याआधी बाजार समितीत शेतमाल तारण कर्ज योजना चालू आहे का ते विचारा. सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के वार्षिक व्याजानं मिळते. समजा २० क्विंटल सोयाबीन आहे आणि भाव ४,२०० आहे. माल ८४,००० चा झाला, तारणावर ६३,००० मिळाले, सहा महिन्यांचं व्याज १,८९० रुपये. तेच पैसे सावकाराकडून महिना तीन टक्क्यानं घेतले असते तर ११,३४० गेले असते. मात्र भाव चढेलच असं धरून चालू नका. व्याज, हमाली, वाहतूक धरून क्विंटलला दीडशे रुपयांची तरी वाढ मिळाली नाही, तर माल ठेवून हाती काही लागत नाही. म्हणून नडीपुरता अर्धा विकावा, अर्धा तारण ठेवावा. मालात ओल १२ टक्क्यांच्या वर असेल तर हमीभाव केंद्रावर तो परत येतो आणि जाण्या-येण्याचं भाडं अंगावर पडतं. घरून निघण्याआधी दोन उन्हं द्या.

वहीच्या दुसऱ्या पानावर घरात लागणारं धान्य. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धरलं तर पाच माणसांना महिन्याला ६० किलो. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनवर माणशी ५ किलो, म्हणजे २५ किलो मोफत येतं. उरले ३५ किलो, वर्षाचे सव्वाचार क्विंटलच्या आसपास. एवढी शाळू ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, खळं होतं तेव्हाच भरून ठेवावी. पावसाळ्यात किलो-किलोनं दुकानातून आणलेली ज्वारी त्याहून कितीतरी महाग पडते. रेशनकार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी झाली आहे का ते याच वेळी तपासा. पुण्याला कामाला गेलेल्या पोराचं किंवा अंगठ्याचे ठसे न उमटणाऱ्या म्हातारीचं नाव अशानंच गळतं.

धान्य भरताना खरी चूक होते ती वाळवण्यात. वरून कोरडं दिसलं म्हणून भागत नाही. दाणा दाताखाली धरला की कट्कन फुटला पाहिजे, चेपला तर ओल आहे. दोन-तीन कडक उन्हं द्या आणि संध्याकाळी सावलीत गार होऊ द्या. गरम धान्य तसंच कोठीत लोटलं की झाकणाला आतून पाणी सुटतं, वरचा थर बुरसतो आणि तिथूनच कीड उतरते. कोठी आधी रिकामी करून, सांधे झाडून उन्हात ठेवावी, कारण जुन्या किडीची अंडी सांध्यातच राहतात. पत्र्याची कोठी जमिनीवर टेकवू नका, चार विटांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथरात घाला. सेल्फॉसच्या (किडीच्या विषाच्या) गोळ्या घरातल्या धान्यात कधीही टाकू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत झोपलेली माणसं मारतो. हे काही किलो धान्यासाठी घ्यायचं धाडस नव्हे.

डाळ घरच्या तुरीची करा. पाच माणसांना वर्षाला ५० किलो तूरडाळ पुरते, त्याला ७० किलोच्या आसपास तूर लागते. तूर रात्रभर भिजवून, उपसून, तीन-चार उन्हांत खडखडीत वाळवायची आणि मग गावातल्या मिनी डाळमिलवर न्यायची. अर्धवट वाळली तर साल सुटत नाही, दाणा चिरडतो आणि डाळीपेक्षा चुरीच जास्त पडते. चुनी, म्हणजे साल आणि बारीक तुकडे, मागून घ्या, दुभत्या जनावराचं तेवढंच खाद्य वाचतं. तयार डाळीला एरंडेलाचा हलका हात लावून डबे भरले की पावसाळ्यात पोरकिडे कमी होतात.

मार्च-एप्रिलचं ऊन फुकटचं आहे. गवार, वांग्याच्या काचऱ्या, मेथी स्वस्त असते तेव्हा वाळवून ठेवली की मे-जूनमध्ये भाजीचे भाव कडाडले तरी कालवणाची अडचण येत नाही. खारोड्या, सांडगे, कुरडया आहेतच. येसर मात्र जरूर करून ठेवा. धान्य-डाळी आणि मसाला भाजून दळलेलं हे पीठ घरात असलं की भाजी नसलेल्या दिवशी दोन चमच्यांत पाच जणांची आमटी होते.

जळणाचं सांगायचं तर तुराट्या आणि पऱ्हाट्या (तुरीची आणि कापसाची वाळली झाडं) बांधावर पेटवून देऊ नका, पावसाआधी शेडमध्ये रचून ठेवा. अंघोळीचं पाणी बाहेरच्या चुलीवर तापवलं की सिलिंडर जास्त दिवस पुरतो. डाळ अर्धा तास आधी भिजत घालावी आणि पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी. विजेचं बिल पंख्यावर अडतं. जुना पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १५ तास चालला तर महिन्याला २० युनिट वाचतात, आणि त्यानं वापर १०० युनिटच्या आत राहिला तर वरचा महाग दरही लागत नाही. पण पैसे उसने काढून पंखा बदलण्यात अर्थ नाही. जुना बिघडेल तेव्हा बघा.

काही खर्च कापायचे नाहीत. पोरांचं दूध-अंडी, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या. गोळ्या दिवसाआड घेऊन वाचवलेले पैसे नंतर लातूर-नांदेडच्या दवाखान्यात एका दिवसात जातात. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रातून घ्या, तिथं किंमत निम्म्याहूनही खाली असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, त्याचं कार्ड दुखणं येण्याआधी काढून ठेवा. मे महिन्याच्या अखेरीस बचत खात्यात ४५६ रुपये शिल्लक असू द्या: ४३६ प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे, २० सुरक्षा (अपघात) विम्याचे. खातं रिकामं असलं की विमा गुपचूप बंद पडतो आणि घरच्यांना ते नको त्या वेळी कळतं.

राहिलं बियाणं. बाजारातलं सोयाबीन बियाणं किलोमागं घरच्या मालाच्या दुप्पट किंवा त्याहून महाग पडतं. एमएयूएस १६२, एमएयूएस ६१२ यांसारखे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे वाण सरळ आहेत, संकरित नाहीत, म्हणून दोन-तीन वर्षं घरचं बी चालतं. अट एवढीच, की ते काढणीपासूनच वेगळं ठेवलं पाहिजे. सोयाबीनची साल पातळ असते. मळणीयंत्र जोरात फिरवलं, पोती वरून आपटली किंवा थप्पी पाच पोत्यांच्या वर गेली की आतला अंकुर दुखावतो आणि बी वरून चांगलं दिसूनही उगवत नाही. प्लॅस्टिकच्या गोणीत भरू नका, तागाचं पोतं घ्या आणि खाली लाकडी फळ्या टाका. मेमध्ये उगवण तपासा. ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडा, वरून दुसरं ओलं पोतं टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. ७० आले तर एकरी ३० किलो पेरा. ७० च्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. ६० च्या खाली आले तर ते बी आडतीवर घाला आणि प्रमाणित बियाणं घ्या. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करा, कारण दुबार पेरणीचा खर्च वरची सगळी बचत खातो. विकत घेतलेल्या बियाण्याची पक्की पावती, पिशवी, तिला लावलेलं लेबल आणि मूठभर दाणे पीक हाती येईपर्यंत सांभाळा. न उगवल्यास तालुका कृषी कार्यालयात तक्रार करताना एवढंच मागतात.