एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत दोन टेबलं जोडणाऱ्या लेफ्ट जॉइनमध्ये कोणत्या टेबलच्या ओळी टिकतात? डावीकडच्या, म्हणजे आधी लिहिलेल्या टेबलच्या सगळ्या.

समजा, पुण्यातल्या एका क्लासचं 'शाखा' टेबल आहे: कोथरूड, हडपसर, औंध. 'प्रवेश' टेबलमध्ये औंधची एकही नोंद नाही. 'शाखा लेफ्ट जॉइन प्रवेश' लिहिलंत तर औंध दिसणारच, प्रवेशाच्या रकान्यांत नल (म्हणजे 'किंमतच नाही') घेऊन. दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी ठेवणाऱ्या इनर जॉइनमध्ये ते गायब.

खरी मेख पुढे आहे. व्हेअरमध्ये, म्हणजे जोडणीनंतर ओळी गाळणाऱ्या अटीत, 'प्रवेश.वर्ष = २०२५' टाकलंत की लेफ्ट जॉइन असूनही औंध गळतं, कारण नलशी केलेली अशी तुलना कधीच खरी ठरत नाही. ही अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीत लिहा.

शाखेचा आयडी 'शाखा'मधूनच घ्या. 'प्रवेश'मधला घेतलात तर औंधपुढे नल येईल. आणि शाखावार प्रवेश मोजताना काउंटमध्ये स्टार (*) नको, तो नलची ओळही मोजून औंधला १ दाखवतो. 'प्रवेश'चा आयडी मोजा, म्हणजे ० येईल.