बर्न-इनच्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापुरातील हौशी मंडळींना स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, आणि ‘नवी केबल अजून मुरली नाही’ (म्हणजे तिचे बर्न-इन झाले नाही, शेकडो तास वाजवल्यावर आवाज सुधारेल) हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की, विषय तांब्याच्या तारेचा आहे की लोणच्याच्या बरणीचा, असा प्रश्न मला पडतो. तांब्याचा रोध तापमानानुसार बदलतो, त्यातून किती गाणी वाहिली त्यानुसार नव्हे. दीड चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०७ ओहम असतो आणि २०० तासांनंतरही तो तेवढाच राहतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे जोडणी तपासण्याऐवजी वाट पाहत बसणे. राजारामपुरीतील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी १५,००० रुपयांची केबल मागवून स्वतःच जोडली आणि त्याच दिवसापासून त्यांच्या तबल्याच्या ध्वनिमुद्रणांतून डग्ग्याचा घुमारा नाहीसा झाला. देवल क्लबच्या मैफली ऐकून तयार झालेले कान. त्यांची तक्रार खरीच होती. विक्रेत्याने मात्र २०० तास वाजवण्याचा सल्ला दिला. सरांनी शिस्तीने रोज ८ तास याप्रमाणे २५ दिवस संच चालू ठेवला आणि तोवर केबल परत करण्याची १० दिवसांची मुदत उलटून गेली. मी गेलो, केबलची टोके अ‍ॅम्प्लिफायरमधून सोडवली आणि त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला, तेव्हा डाव्या वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) पडदा बाहेर आला आणि उजव्याचा आत गेला. दोन्ही तारांवर सारखेच पारदर्शक आवरण असल्यामुळे उजवा स्पीकर उलटा जोडला गेला होता आणि दोन्ही बाजूंचा खर्ज एकमेकांना मारत होता. टोके बदलण्यास दोन मिनिटे लागली.

“म्हणजे शेवटी केबल मुरली म्हणायची का?” सरांनी हसत विचारले.

“मुरली नाही सर, सुलटी झाली,” मी म्हणालो.

साफसफाईच्या वेळी त्यांच्याच हातून ती चुकून सुलटी जोडली गेली असती, तर श्रेय नक्कीच बर्न-इनला मिळाले असते. मी नवी वायर लावण्यापूर्वी धन तारेच्या दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी गुंडाळतो. हे काम कंटाळवाणे वाटणाऱ्यांनी महागड्या केबलच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी चूक आवाजाची पातळी न जुळवता तुलना करण्याची आहे. एखादा डेसिबल जास्त असलेला आवाज कानाला मोठा न वाटता ‘अधिक मोकळा’ वाटतो, आणि बारीक फरकांची कानाची स्मृती काही सेकंदांचीच असते. तरीही लोक आजच्या आवाजाची तुलना तीन आठवड्यांपूर्वीच्या आवाजाशी बिनदिक्कत करतात. मी १०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजतो. एका जोडणीला २.०० आणि दुसरीला २.०२ व्होल्ट आले, तर फरक ०.१ डेसिबलच्याही आत राहतो. त्यानंतर कोणती केबल जोडली आहे हे ऐकणाऱ्याला आणि शेजारी बसलेल्यालाही सांगायचे नाही. या अटीवर पैज लावणारा मला अजून भेटलेला नाही.

स्पीकरचे लवचीक भाग सुरुवातीच्या काही तासांत थोडे सैल होतात हे खरे आहे, पण त्यासाठी रोजचे गाणे पुरते. रात्रभर मोठ्या आवाजात खरखर वाजवून वरचे सूर वाजवणाऱ्या ट्वीटरची कॉइल जाळू नये. केबलवरील बाणाची दिशा पाळत बसू नये, कारण त्यातील प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट होत असतो. आपल्याकडील पावसाळ्यानंतर पिनांवर थर चढतो आणि पिन काढून पुन्हा घातली की तो घासून निघतो, म्हणून वायर ‘खुलली’ असे समजण्यापूर्वी पिना पुसाव्यात.

वर्षानुवर्षे बंद असलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर मात्र एकदम पूर्ण विजेवर चालू करू नये, कारण त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ऑक्साइडचा थर कमकुवत झालेला असतो. मी आधी त्याच्या वीजपुरवठ्याच्या वाटेत (सिरीजमध्ये) १०० वॉटचा पिवळा बल्ब लावतो. तो क्षणभर पेटून मंद झाला, तर व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या व्हेरिअ‍ॅकने काही तासांत व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवतो. तो लखलखीतच राहिला, तर स्विच बंद करून आधी झाकण उघडतो.