जुन्या पिकअपचा गंज : या चुका टाळा

पासिंगची, म्हणजे आरटीओच्या तपासणीची, तारीख जवळ आली की नागपुरात वाडीपासून कळमन्यापर्यंत डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानांसमोर पिकअप उभ्या दिसू लागतात. गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेसचा दाखला दर वर्षी काढावा लागतो, म्हणजे हा देखावाही दर वर्षीचाच. मागणी सगळ्यांची एक: "फुगे दिसले नाही पाहिजे, बस." पेंटर गंजाने रंग फुगलेल्या जागी पुट्टी भरतो, रंग मारतो, गाडी पास होऊन जाते. एक पावसाळा उलटला की त्याच जागी आधीपेक्षा मोठा फुगा येतो आणि मग दोष कंपनीच्या पत्र्याला नाहीतर नागपूरच्या हवेला.

हवेचा यात फारसा दोष नाही. इथे समुद्राचा खारा वारा नाही आणि वर्षातले बरेच महिने हवा कोरडी असते. कोकणातल्या गाडीच्या मानाने आपला पत्रा जास्त टिकायला हवा. तो टिकत नाही, कारण पाणी कुठेतरी अडकून राहतं आणि आपण त्यावर बाहेरून रंग मारत बसतो.

फुग्यावरच पुट्टी भरणे

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. बाहेर नखाएवढा फुगा दिसत असेल तर आत गंज त्याच्या तीन-चार पट पसरलेला धरून चालावं. पिकअपच्या केबिनचे बरेच फुगे तर पत्र्याच्या मागच्या बाजूने आलेले असतात. अशा वेळी बाहेरचा फुगा म्हणजे पत्रा आतून संपत आल्याची खबर.

काटोल-कळमना संत्रा वाहणाऱ्या एका नऊ वर्षांच्या गाडीचं बघा. पुढच्या मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यात, पायदानाजवळ, चवन्नीएवढा फुगा. पासिंग तोंडावर, म्हणून तो हातोडीने आत ठोकला, वर दोन-तीन सूत पुट्टी भरली आणि संध्याकाळपर्यंत रंग मारून गाडी मोकळी केली. पावसाळ्यात पुट्टीच्या कडेने तांबडे ओघळ आले. मालकाने ते पुसले. हिवाळ्यात एका खड्ड्यात गाडी आपटली आणि पुट्टीची अख्खी लादी गळून पडली. मागे तळहाताएवढं भोक, पायदानाचं टोक कुजलेलं आणि गंज केबिनच्या माउंटिंग ब्रॅकेटपर्यंत पोचलेला. मडगार्डच्या आत हात घातला तर काळ्या मातीचा ओला थर निघाला. शेतातली ती माती चाकाने उडून तिथे जाऊन बसली होती आणि पाऊस थांबून महिने झाले तरी आतून ओलीच होती. पाव लिटर प्रायमर आणि दोन दिवसांचं काम होतं, ते पत्रा कापून वेल्डिंग करण्यावर गेलं.

पॉलिएस्टर पुट्टी पाणी रोखत नाही, उलट शोषून घेते. गंजावर बसवली की ती ओल पत्र्याला चिकटवून ठेवते. पुट्टी फक्त खोलगट भाग सारखा करण्यासाठी, तीही स्वच्छ पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर मारून झाल्यावर, आणि जास्तीत जास्त एक सूत. त्याहून जास्त लागत असेल तर डेंटरने आधी पत्रा ओढून सरळ करायला हवा होता.

ही दुरुस्ती रीतसर करायची असेल तर सुरुवात मागच्या बाजूने करावी. लाकडी पट्टीने माती खरवडून काढा, साध्या नळीने धुवा आणि दोन दिवस ऊन खाऊ द्या. मग बाहेरून जाड पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. भद्द आवाज आला तर पेचकसाचं टोक दाबून बघा. टोक आत गेलं की प्रायमर-पुट्टीचा विषय संपला, तिथे पत्राच कापावा लागेल. आत गेलं नाही तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने फुगा सोलायला घ्या आणि चारी बाजूंना चकचकीत पत्रा लागेपर्यंत थांबू नका. त्याच्याही पुढे इंचभर चांगला रंग घासा. कडा १८० आणि मग २४० नंबरने इतक्या उतरवा की बोटाला पायरी जाणवू नये. खड्ड्यांमध्ये काळे ठिपके राहतातच. तिथे, आणि फक्त तिथेच, रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज काळा करून थांबवणारं रसायन. शेवटी दोन स्वच्छ सुती फडकी घ्या: एक थिनरमध्ये भिजवलेलं, दुसरं कोरडं. ओल्याने पुसलं की थिनर उडायच्या आत कोरड्याने टिपायचं. रॉकेलने पुसू नका, तेलकटपणा मागे राहतो.

उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. ऑगस्टमध्ये सकाळी घासलेल्या पत्र्यावर दुपारपर्यंत पिवळसर झाक येते, आणि तिच्यावर प्रायमर मारला तर सगळी मेहनत पाण्यात. घामाच्या हाताने चाचपूनही बघू नये, बोटांचे ठसे रंगाखाली गंजून वर येतात. दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा, डब्यावर सांगितलं असेल तेवढा वेळ मिश्रण मुरू द्या आणि दोन हात मारा, मध्ये पंधरा-वीस मिनिटं सोडून. आणि जिथून गंज आला त्या आतल्या बाजूलाही प्रायमर मारा. हे बहुतेक दुकानांत होतच नाही, कारण ते गिऱ्हाइकाला दिसत नाही.

रस्ट कन्व्हर्टरला जादू समजणे

बाटली आणली, फुग्यावर ओतली, काळं झालं, झालं काम! नाही होत. कन्व्हर्टरमधलं टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल गंजाच्या पातळ थरावर काम करतं. पापुद्रे सुटत असतील तर ते फक्त वरचा पापुद्रा काळा करतं, खाली गंज चालूच. चकचकीत पत्र्यावर तर त्याचा उपयोगच नाही. आधी सुटं ते सगळं वायर ब्रशने काढा, मग ब्रशने दोन पातळ हात आणि डब्यावर सांगितलं असेल तेवढी वाट. काही इपॉक्सी प्रायमर आम्लाच्या थरावर नीट धरत नाहीत, म्हणून दोन्ही डबे वाचल्याशिवाय एकावर एक मारू नका. डबा वाचायला पाच मिनिटं लागतात. ज्यांना तेवढीही नाहीत त्यांनी हे काम पेंटरला द्यावं.

ग्राइंडरला लावायच्या वायर चाकाबद्दलही एक सांगायला हवं. ते गंज काढतं, पण जोर देऊन फिरवलं तर खड्ड्यातला गंज घासून गुळगुळीतही करतं. तो चमकतो आणि साफ पत्र्यासारखा दिसतो. वायर चाकानंतर ८० नंबर फिरवलाच पाहिजे.

मे महिन्याच्या दुपारी घाई

पुट्टीत हार्डनर, म्हणजे ती घट्ट करणारी पेस्ट, साधारण शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम पडतो. नागपूरच्या मे महिन्यात तेवढा टाकला तर पाते फिरवता फिरवता पुट्टी दगड होते, म्हणून दीडपर्यंत खाली यावं आणि लिंबाएवढीच कालवावी. इथे उलटं चालतं: लवकर वाळावी म्हणून जास्त हार्डनर. अशी पुट्टी ठिसूळ होते, आणि उरलेला हार्डनर पुढे रंगातून डाग होऊन वर येतो.

रंगाचंही तेच. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो. त्यावर फवारलेला रंग वरून लगेच सुकतो, थिनर खाली अडकतो आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पाडत बाहेर येतो. पाणी आत जायला तेवढी भोकं पुरतात. सकाळी सात-आठच्या सुमारास, शेडमध्ये, पत्रा थंड असताना मारा. डिसेंबर-जानेवारीत गणित वेगळं: सकाळी पत्र्यावर दव असतं, दहाच्या आधी हात लावू नये, आणि इपॉक्सीला मुरायला दीडपट वेळ द्यावा. ज्याला महिना निवडता येतो त्याने दिवाळीनंतरचे आठवडे निवडावेत. पुट्टी मात्र कुठल्याही ऋतूत पाण्याने घासायची नाही, कोरडीच घासायची. वॉटर पेपर फक्त प्रायमर आणि रंगावर.

हौद्यात पाणी साठवणे

हौद्याच्या तळाला रबर मॅट किंवा प्लायवूड टाकलं की मालकाला वाटतं पत्रा वाचला. ओरखड्यांपासून वाचतो, खरं आहे. पण मॅटखाली गेलेलं पाणी वाळत नाही. त्यात फुटलेल्या संत्र्यांचा रस, म्हणजे आंबट आम्ल, नाहीतर खताच्या फाटलेल्या पोत्यातले युरियाचे दाणे मिसळले की पत्र्याची वाट लागते. खत हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पाऊस नसतानाही तो कोपरा ओला राहतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडून राख वाहणाऱ्या गाड्यांतही राखेचा थर असाच ओल धरून बसतो. मॅट महिन्यातून एकदा उचला, हौदा साध्या पाण्याने धुवा, फाळका उघडा ठेवून वाळवा. पावसाळ्यात दर आठवड्याला.

हौद्याच्या तळाला, दारांच्या खालच्या कडेला आणि पायदानाखाली पाणी जाण्यासाठी भोकं दिलेली असतात. ती माती, जुना रंग आणि कधी कधी पेंटरच्या पुट्टीने बुजतात. मृगाच्या आधी जाड तारेने एकेक मोकळं करा. दार जोरात लावल्यावर आत पाणी हिंदकळल्याचा आवाज येत असेल तर ते दार आतून कुजायला लागलंच आहे.

हौदा आणि चेसिसच्या मध्ये लाकडी पट्टी असेल तर तिच्यावर नजर ठेवा. लाकूड ओल धरतं आणि गंज हौदा आवळणाऱ्या यू-क्लॅम्पच्या आसपास सुरू होतो.

बाकीच्या, थोडक्यात

चेसिसला जुनं इंजिन ऑइल फासणं: धूळ चिकटते, रबरी बुश फुगून मऊ पडतात आणि सायलेन्सरजवळ आगीची भीती. डिझेल फवारणंही तसंच.

गंजावर डांबरी अंडरकोट: ओल आत बंद होते. आधी साफ करा, प्रायमर मारा, मग कोट. पोकळ भागांत डांबर नको, मेणाचा फवारा चांगला.

नुसता रेड ऑक्साईड प्रायमर मारून गाडी पावसात फिरवणं: त्याच्यातून ओल आत जाते. वर रंग लागतोच.

फुग्यावर रेडियमचं स्टिकर लावणं: यावर काय बोलायचं!

बॅटरीच्या ट्रेमधला पांढरा थर तसाच ठेवणं: खायचा सोडा पाण्यात कालवून ओता, फेस थांबला की धुवा, वाळवा, मग रंगवा.

दगड उडून रंग निघाला तर "नंतर बघू" म्हणणं: त्याच आठवड्यात दातकोरणीच्या टोकाने प्रायमरचा थेंब आणि वर रंगाचा थेंब. एवढंच.

वेल्डिंग करताना बॅटरीची तार न काढणं, आणि वेल्डिंगनंतर जळालेल्या मागच्या बाजूला प्रायमर न मारणं. नवा पत्रा जुन्याच्या आधी सडतो तो यामुळे.

जिथे पॉलिश पेपर चालवायचा नाही

केबिनचा पत्रा, हौदा, फाळका यांवर हात साफ करायला हरकत नाही. चेसिसच्या मुख्य बारवर पापुद्रे सुटत असतील, स्प्रिंगच्या हँगरला भेग असेल किंवा केबिनचं माउंटिंग हलत असेल तर ती गाडी आधी चेसिसचं काम करणाऱ्याकडे न्या, रंगाचं नंतर बघता येईल. ब्रेकच्या लोखंडी पाइपवर खडबडीत गंज दिसला तर तो घासू नका, रंगवू तर मुळीच नका. घासून पाइप पातळ होतो आणि रंगाने गळती झाकली जाते. पाइप बदला, ब्रेकमधली हवा काढा आणि भरलेल्या गाडीने रस्त्यावर उतरण्याआधी रिकाम्या गाडीने ब्रेक दाबून बघा.